पाटीआडचे झाड

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर-बोईसर परिसरात नव्या वसाहती, नवी दुकाने वेगाने उभी राहिली. शेजारचे तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. अशा ठिकाणी रस्त्याकडेचे जुने झाड हा श्वासाचाच आधार होय.

तरीही दुकानाची पाटी झाकते म्हणून त्याच्या फांद्या छाटल्या जातात, बुंध्याभोवती काँक्रीट ओतले जाते, खोडात खिळे ठोकून फलक लावले जातात. त्यांत पर्युषणाच्या शुभेच्छांचे फलकही असतात, हे समाजाने मान्य केले पाहिजे.

शहरी भागांसाठीच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार 50 वा अधिक वर्षांचे झाड वारसा वृक्ष ठरते. झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावून जोपासावी लागतात. पालघर नगरपरिषदेला हा कायदा बांधील आहे. बोईसर मात्र ग्रामपंचायतीच्या कारभारातच वाढले. जेथे कायद्याचा हात आखूड पडतो, तेथे व्रताने पुढे व्हावे.

वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव. 15 कर्मादानांत वनकर्म श्रावकाला वर्ज्य आहे आणि अनर्थदंडविरमण व्रत निष्कारण हिंसेला मनाई करते. पाटी दोन फूट सरकवता येत असेल, तर फांदी तोडणे निष्कारणच ठरते.

यंदा दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने आपल्या दारातील झाडाचे खिळे काढावेत, आळे मोकळे करावे. जमेच्या बाजूस ही नोंद शोभून दिसेल.