फोटो झिप करून हलका होत नाही!



"सर, प्रॉडक्टचे फोटो झिप केले की लवकर जातात ना?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर आहे, नाही. आणि कारण डायल-अपच्या काळापासून तेच आहे.

तेव्हाचा मॉडेम ५६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. १ एमबीला जवळपास अडीच मिनिटं! त्यात व्ही.४२ बिस हे कॉम्प्रेशन असायचं. दावा काय, तर चौपटीपर्यंत वेग. खोटं नव्हतं, पण ते साध्या मजकुरापुरतं. मजकुरात तेच तेच शब्द येतात, त्यांच्या जागी छोटी खूण पाठवली की झालं. जेपीईजी फोटो, एमपी३, झिप या फाइल्स आधीच आवळलेल्या. तिथे मॉडेम काय आवळणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फोटो झिप करू नका, लहान करा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १००० वर आणला, की एकूण पिक्सेल सोळाव्या हिश्श्यावर येतात. रेंज कमी असलेला ग्राहक तुमचा कॅटलॉग उघडायची वाट बघत बसत नाही, पुढच्या दुकानाकडे वळतो.

आणि कुणी "चौपट" म्हणालं की आधी विचारा, कोणत्या मालावर?