हेल्मेटच्या आत किती आवाज हवा?

सांगलीची हळद असो, इचलकरंजीचे सूत-कापड असो की कोल्हापूरचा गूळ, या पट्ट्यातील व्यापारी घरांमध्ये दुचाकी हे पेढीचेच एक साधन झाले आहे. नमुने पोहोचवणे, मागणी घेणे, गोदामावर चक्कर टाकणे, उधारीची वसुली करणे ही कामे घरातील तरुण मुलगा किंवा दुकानातील विश्वासू माणूस मोटारसायकलवरूनच करतो, आणि त्याचा फोन तर सारखा वाजत असतो. हेल्मेट डोक्यावर असताना फोन कानाशी नेता येत नाही, म्हणून कित्येकजण तो गाल आणि हेल्मेट यांच्या फटीत खोचून बोलत जातात. हे पाहून धास्तावलेले वडील अखेर म्हणतात, "त्यापेक्षा ते हेल्मेटात बसवायचे ब्लूटूथ तरी घेऊन टाक." दुकानात गेल्यावर मात्र हजार रुपयांपासून तीस हजारांच्या पुढेपर्यंतच्या वस्तू समोर मांडल्या जातात आणि स्वस्तातले घ्यावे की चांगले घ्यावे, असा घोळ सुरू होतो.

हा घोळ सुटण्यासाठी आधी हेल्मेटच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घातले की बाहेरचा आवाज कमी होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गाडी उभी असताना ती थोडीफार खरीही असते. परंतु वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास गेला की वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर मात करतो, आणि हा आवाज हेल्मेटच्या भोवतीच निर्माण होत असल्यामुळे हेल्मेट त्याला पुरेसे अडवू शकत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला आतील आवाज ९५ डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. इंग्लंडमधील बाथ येथील संशोधकांनी २०११ मध्ये या विषयाचा अभ्यास केला, तेव्हा हनुवटीखालून आत शिरणारा वारा हा या गोंगाटाचा एक मोठा स्रोत असल्याचे त्यांना आढळले.

आता कानाचा हिशेब. अमेरिकेतील 'नायॉश' ही व्यवसायजन्य आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. व्यापाऱ्याला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. हा त्याच जातीचा हिशेब आहे, फक्त येथे मुद्दल दर वेळी घटत जाते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रारंभी माणसाला काही कळतही नाही. मग केव्हातरी गर्दीत समोरच्याचे 'स' आणि 'फ' नीट ऐकू येईनासे होतात आणि माणूस म्हणू लागतो, लोक हल्ली पुटपुटतात.

सांगली-कोल्हापूर रस्त्यावर सतत शंभरचा वेग कोणी ठेवू शकत नाही, ठेवूही नये. पण तेथून पुणे-बंगळूर महामार्गाला लागले की काटा ऐंशीच्या पुढे सहज सरकतो. त्या गोंगाटात गाणे किंवा बोलणे ऐकू यायचे तर ते गोंगाटाहून मोठे करावे लागते. येथेच खरेदीची सर्वात मोठी चूक होते. दुकानदार यंत्राचा आवाज मोठा करून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होते. वस्तुतः ज्या साधनातून कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात, ते साधन चांगले.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, घरात असतातच ते इअरफोन किंवा बिनतारी इअरबड. त्यासाठी वेगळा खर्च नाही, म्हणून मोह होतो. परंतु हेल्मेट चढवताना ते निसटतात, उतरवताना खाली पडून गटारात जातात. आतील गादी त्यांच्यावर दाबली जाते, त्यामुळे अर्ध्या तासात कान दुखू लागतो. आणि स्पर्शाने चालणारे असतील तर गादीच्या घासण्यानेच फोन उचलला जातो किंवा गाणे बदलते. याहून गंभीर गोष्ट अशी की ते कानाची वाट बुजवतात. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांवर पोहोचलेल्या ध्वनीतील वेळेचा आणि तीव्रतेचा फरक तपासून ठरवतो. एकाच कानात इअरबड घालून "दुसरा कान मोकळा आहे ना" असे म्हणणाऱ्याला मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येतो खरा, पण तो डावीकडून आहे की उजवीकडून, याचा अंदाज चुकतो. चौकात वाहतूक पोलिसाने अडवले तर होणारा मनस्ताप वेगळाच.

दुसरा प्रकार गालाच्या हाडातून ध्वनी पोहोचवणाऱ्या हेडफोनचा. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तो उत्तम. कान उघडे राहतात. हेल्मेटमध्ये मात्र गादी त्याला जागेवरून ढकलते आणि वाऱ्याच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडून जातो. त्यावर पैसे घालू नयेत.

तिसरा प्रकार खास हेल्मेटसाठी केलेला. दोन चपट्या चकत्यांसारखे स्पीकर, एक लहान मायक्रोफोन आणि हेल्मेटच्या डाव्या कडेला लागणारी, बोटाने चालवायची डबी. यातील साधा, फक्त फोनला जोडला जाणारा नमुना दीड ते तीन हजारांत मिळतो आणि बहुसंख्य व्यापारी घरांना तो पुरेसा आहे. कान उघडा राहतो, गाडीचे हॉर्न ऐकू येतात, आणि हेल्मेट काढले की साधनही त्याच्याबरोबर निघते. महागड्या यंत्रांतील मुख्य वाढीव गोष्ट म्हणजे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर बोलण्याची सोय. दहा-पंधरा जणांचा जथा घेऊन लेह-लडाखला जाणाऱ्यांना ती लागते. मार्केट यार्डात जाणाऱ्याला लागत नाही.

स्वस्त यंत्र 'ऐकूच येत नाही' म्हणून परत करणाऱ्यांपैकी अनेकांनी ते चुकीच्या जागी बसवलेले असते. स्पीकरचा मध्य कानाच्या छिद्रासमोर नेमका यावा लागतो. बोटभर जरी तो पुढे-मागे झाला तरी आवाज एकदम पडतो, आणि माणूस मग डबीवरचे बटण दाबून तो वाढवत बसतो. यासाठी सोपी युक्ती अशी: स्पीकर वेलक्रोने तात्पुरते लावावेत, हेल्मेट घालून पट्टा बांधावा, गाणे सुरू करून हेल्मेट किंचित पुढे-मागे, वर-खाली सरकवून पाहावे. ज्या दिशेला सरकवल्याने आवाज भरदार होतो, त्याच दिशेला आत स्पीकर हलवावा, कारण हेल्मेट मागे सरकवल्याने फायदा झाला तर कान स्पीकरच्या पुढे नसून मागे आहे, म्हणजे स्पीकर हेल्मेटात मागेच न्यायचा असतो; यात गल्लत पुष्कळांची होते. तेव्हा नियम पाठ करण्यापेक्षा दोन-तीनदा लावून-काढून कानानेच खात्री करावी हे बरे. स्पीकर आणि कान यांच्यात पोकळी राहिली तर स्पीकरच्या मागे स्पंजाचा तुकडा ठेवून तो जवळ आणावा. कानाला टेकला पाहिजे, दाबला जाता कामा नये.

एक गोष्ट कदापि करू नये. अनेक हेल्मेटांत कानाजवळ स्पीकरसाठी खोलगट जागा असते. ती नसेल तर काही कारागीर आतला थर्माकोलसारखा पांढरा थर कोरून जागा करून देतात. तोच थर अपघाताचा धक्का स्वतः चेपून घेतो. तो कोरणे म्हणजे तिजोरीला खिडकी पाडणे. जागा नसलेल्या हेल्मेटात हे साधन बसवू नये, आणि अर्ध्या, वाटीसारख्या हेल्मेटात तर ते नीट बसतच नाही.

खोक्यावरील मजकूर व्यापाऱ्याच्या नजरेने वाचावा. ब्लूटूथचा आकडा ५.० की ५.३, याने खिशातल्या फोनशी होणाऱ्या जोडणीत काही अनुभवास येण्याजोगा फरक पडत नाही. '१००० मीटर पल्ला' हा दोन यंत्रांमधील मोकळ्या मैदानावरचा असतो. या किमतीत एकाच साच्यातून निघालेला माल चार नावांनी चार भावांत विकला जातो, तेव्हा नावापेक्षा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-तक्रारीचा क्रमांक छापला आहे की नाही ते पाहावे; वेष्टित मालावर हे असणे बंधनकारक आहे, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. पक्के बिल घ्यावे. पाण्यासाठीच्या आकड्याला मात्र खरे महत्त्व आहे. 'आयपी' या अक्षरांपुढील दुसरा अंक ४ असेल तर उडालेले शिंतोडे सहन होतात, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्र टिकावे अशी अपेक्षा असते. मृगापासून हस्तापर्यंत रस्त्यावर असणाऱ्याने ५ च्या खाली उतरू नये. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटला तारेवरचा छोटा, हनुवटीमागे चिकटवायचा मायक्रोफोन लागतो आणि उघड्या हेल्मेटला दांडीचा; खोक्यात कोणता आहे ते उघडून पाहावे. पेढीचा एक आणि घरचा एक असे दोन फोन बाळगणाऱ्यांनी यंत्र एकाच वेळी दोन्ही फोनला जोडले जाते का, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गुण तपासावा, जो विक्रेता अभिमानाने सांगतो. अनेक स्वस्त यंत्रे फोन आला की काही सेकंदांत तो आपोआप उचलतात. समोर वळण असो, रेल्वेचे फाटक असो, अंगावर येणारी बस असो, समोरच्याचे बोलणे कानात सुरू होते. हा गुण बंद करता येत नसेल तर ते यंत्र निम्म्या किमतीतही महाग आहे.

कारण फोन हातात नसला म्हणजे धोका टळला, असे नाही. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याच्या अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते आणि हात मोकळे ठेवून बोलणे हे हातात धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हात हँडलवर असतात, पण चित्त भावताव करीत असते. मागे बसलेला माणूस रस्ता पाहतो आणि खड्डा आला की आपोआप गप्प होतो. गादीवर बसून फोन करणाऱ्याला रस्ता दिसत नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के होती.

आणि हे फोन करतो कोण? बहुतेक वेळा घरचेच कोणीतरी. "कुठवर आलास?" "पार्टीने चेक दिला का?" "येताना गोदामाची किल्ली घेऊन ये." यांतील एकही प्रश्न अर्धा तास थांबू न शकणारा नसतो. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी पेढीवर एक गोष्ट ठरवून टाकावी: रस्त्यावर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही, त्याने मुक्कामी पोहोचल्यावर स्वतः करायचा. फार निकडीचे असेल तर एकदा रिंग देऊन ठेवायची, तो गाडी कडेला घेऊन उलट फोन करील. फोनमध्ये 'गाडी चालवीत आहे' असा निरोप आपोआप पाठवण्याची सोय असते, तीही लावून द्यावी. मोठ्यांनी हा नियम पाळला तरच धाकटे पाळतात, कारण वडिलांचा फोन न उचलण्याची मुलाची छाती होत नाही. असे ठरल्यावर यंत्राचे काम उरते ते रस्ता सांगण्याचे. नवे गाव, नवी औद्योगिक वसाहत, पुढच्या चौकात डावीकडे वळा, एवढे दोन-चार शब्द. त्याला दीड हजारांचे यंत्र भरपूर झाले, आणि नजर फोनच्या पडद्यावर न जाता रस्त्यावर राहिली हा त्याचा खरा लाभ.

वाचलेले पैसे हेल्मेटवर खर्च करावेत. आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहऱ्याचे, गालाला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे. मोटारसायकलस्वारांच्या अपघातांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला आहे. घट्ट बसणाऱ्या हेल्मेटात वाराही कमी शिरतो, त्यामुळे स्पीकरचा आवाज कमी ठेवता येतो. हनुवटीखालची फट झाकणारा पडदा किंवा गळ्याभोवती नीट खोचलेला रुमालही उपयोगी पडतो. महामार्गावर लांबचा पल्ला असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे कानबोळे घालून पाहावेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामुळे गोंगाट आणि स्पीकर दोन्ही दबतात, कानावरचा भडिमार थांबतो आणि शब्द उलट अधिक स्पष्ट कळतात. शहराच्या गर्दीत मात्र ते काढून ठेवावेत.

मागे पत्नी किंवा आई बसत असेल तर तिलाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. दोन हेल्मेटांत परस्पर बोलता येणारी जोडी थोडी महाग पडते, तरी नेहमी जोडीने प्रवास करणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. मागचे बोलणे ऐकण्यासाठी चालवणाऱ्याला मान वळवावी लागत नाही.

यंत्र बसवलेले हेल्मेट उन्हात गाडीच्या आरशाला टांगून ठेवू नये, आतली बॅटरी तापून लवकर निकामी होते. ते दुकानात आणावे आणि सायंकाळी हिशेब लिहायला बसताना चार्जिंगला लावावे.