किती टक्के?

दहावी-बारावी संपली की 'किती टक्के?' या प्रश्नातून आपली सुटका झाली असं वाटतं ना? तो पुन्हा येतो. घरात कुणाची तरी अँजिओग्राफी झाली की! भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "किती टक्के ब्लॉकेज?" चाळीस म्हटलं की "मग काही नाही हो." सत्तर म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. जणू मेरिट लिस्टच लागलीय.

माझ्या एका काकांना सत्तर मिळाले. काका पिंपळगावचे, द्राक्षवाले. जिना चढताना छातीत जड व्हायचं, म्हणून नाशिकला दाखवलं. अख्ख्या घराने स्टेंट गृहीत धरला होता. पण कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले, घाई नाही, आधी हार्टचा एमआरआय करू. घरात खळबळ! एमआरआय तर मणक्याचा करतात, नाहीतर मेंदूचा. हृदयाचा कशाला? आणि पत्रकार म्हणून हे सगळ्यांना समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

गंमत म्हणजे, सगळ्यात आधी समजलं ते काकांनाच. अँजिओग्राफी म्हणजे ठिबकची नळी तपासणं. नळी कुठे आणि किती चोंदलीय ते तिच्यात दिसतं. पण नळी थोडी चोंदली तरी वेलीला पुरेसं पाणी मिळत असू शकतं. ते कळायला वेलीकडेच बघावं लागतं. एमआरआय वेलीकडे बघतो, म्हणजे हृदयाच्या स्नायूकडे. तिथे रक्त पोचतंय का, हा त्याचा प्रश्न.

हे बघतात कसं? हाताच्या शिरेतून अ‍ॅडिनोसिनसारखं औषध देतात. त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताचा ओघ वाढतो. चोंदलेल्या वाहिनीला मात्र आणखी रुंद होता येत नाही. मग गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट सोडतात. जिथे रक्त कमी पोचतं, तो भाग स्क्रीनवर काळसर राहतो. औषध चालू असताना दोन-चार मिनिटं धडधडतं, छाती जड होते. औषध थांबलं की तेही थांबतं. बाकी पाऊण-एक तास बोगद्यात पडून "श्वास घ्या, सोडा, थांबा" ऐकायचं आणि मशीनचा ठणठणाट सोसायचा. एक्स-रेचं रेडिएशन यात अजिबात नाही. आणि कॉफीवर जगणाऱ्या मंडळींनो, टेस्टच्या आधी बहुतेक ठिकाणी 12 ते 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं बंद! कॅफिनमुळे ते औषध नीट कामच करत नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फोटो काढतात. माझ्या मते खरी जादू इथे आहे. जुन्या अ‍ॅटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मेला, तिथे कॉन्ट्रास्ट रेंगाळतं आणि तो भाग पांढरा चमकतो. जिवंत स्नायू काळा दिसतो. वेलच वाळून गेली असेल, तर नळी साफ करून उपयोग काय? पण स्नायू नुसता उपाशी असेल, तर रक्त पोचवल्यावर तो पुन्हा कामाला लागू शकतो. स्टेंट किंवा बायपासचा निर्णय घेताना या फरकाला मोठी किंमत आहे.

हे फॅड नाही हं. 'एमआर-इन्फॉर्म' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. छातीत दुखणारे, पण तब्येत स्थिर असलेले 918 पेशंट. निम्म्यांचा निर्णय एमआरआयवर, निम्म्यांचा अँजिओग्राफी करून वाहिनीच्या आतला दाब मोजून. एमआरआय गटातल्या 35.7 टक्के लोकांना स्टेंट किंवा बायपास लागलं, दुसऱ्या गटातल्या 45 टक्के लोकांना. आणि वर्षभरात मृत्यू, अ‍ॅटॅक वगैरे मोठ्या घटना? 3.6 आणि 3.7 टक्के. जवळपास सारख्याच!

काकांच्या एमआरआयमध्ये रक्त व्यवस्थित पोचत होतं. स्टेंट टळला. गोळ्या मात्र रोजच्या, आणि तंबाखू बंद. (यावर काकूंनी डॉक्टरांना मनापासून दुवा दिला.)

आता दुसरी बाजू. हृदयाच्या रक्तवाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या, त्यात सतत हलणाऱ्या. त्यामुळे प्रत्यक्ष नळी बघायची असेल तर सीटी अँजिओग्राफी सरस ठरते. किडनी खूप खराब असेल तर गॅडोलिनियम विचार करूनच देतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री घाम फुटून छाती आवळून आली तर एमआरआयचं नावही काढू नका. थेट इमर्जन्सी गाठायची. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्त तपासणी होते, आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. सातपूर-अंबडच्या शिफ्टमध्ये "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणत बसणाऱ्या पस्तिशीच्या पोरांनाही हे लागू आहे.

शिवाय मशीन आहे म्हणजे तिथे हार्टचा एमआरआय होतोच असं नाही. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, धडधडीशी जुळवून फोटो काढणारा टेक्निशियन लागतो आणि रिपोर्ट वाचणारा माणूस लागतो. फोनवर थेट विचारा, "स्ट्रेस परफ्युजन एमआरआय करता का?" नुसतं "हार्टचा करता का?" विचारलंत तर "हो" म्हणून मोकळे होतील. पेसमेकर असेल तर तेव्हाच सांगा. बहुतेक स्टेंटना अडचण नसते, पण कार्ड सोबत ठेवा. आणि सोबत जाणाऱ्यांनी किल्ल्या, मोबाइल, नाणी सगळं बाहेर ठेवायचं. हे चुंबक पेशंट नसतानाही चालूच असतं. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला होता. तो पेशंट नव्हता, पेशंटचा नातेवाईक होता.