मांस विरुद्ध भात

१/ गोमांस आणि भाज्या मोठ्या आचेवर परतून झटपट केलेले रात्रीचे जेवण आज अमेरिकेतील असंख्य घरांत नेहमीचे झाले आहे. त्याचा दाखला देऊन 'अन्न माणसे जोडते' असे सांगितले जाते. इतिहास मात्र या वाक्याच्या बाजूने साक्ष देत नाही. #थ्रेड

२/ कृती सोपी आहे. मांसाचे धाग्याला आडवे, पातळ काप करून त्यांना सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर लावायचे. कढई कडक तापवून काप दोन-तीन मिनिटे परतायचे व बाजूला काढायचे. मग भाज्या परतायच्या आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचे. वेळ जातो तो चिरण्यात. लहान तुकडे लवकर शिजतात, इंधन वाचते. चिनी 'छाओ' पद्धतीचे शहाणपण यातच आहे.

३/ चीनमध्ये या कढईत बहुधा डुकराचे मांस पडे. बैल नांगराचा; अनेक राजवटींनी त्याच्या कत्तलीवर निर्बंध घातले होते. अमेरिकेत गोमांस मुबलक होते आणि गिऱ्हाइकाला प्रिय होते, म्हणून चिनी आचाऱ्यांनी ते जवळ केले.

४/ हे आचारी ज्या समाजातून आले, त्याची कहाणी कढईइतकी चविष्ट नाही. १८६० च्या दशकात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेसाठी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडणाऱ्यांत बहुसंख्य मजूर चिनी होते. पगार गोऱ्या मजुरांपेक्षा कमी, आणि जेवणाचा खर्चही स्वतःचाच.

५/ जून १८६७ मध्ये त्यांनी वेतनवाढ आणि कामाचे कमी तास मागत संप केला. कंपनीने त्यांचा अन्नपुरवठा तोडला. सुमारे आठवडाभरात संप मोडला.

६/ १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेश नाकारला. १९०२ मध्ये त्याची मुदत पुन्हा संपत आली, तेव्हा अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या संघटनेची पुस्तिका सिनेटपुढे होती. तिच्या शीर्षकातच लढाई मांडली होती: 'मांस विरुद्ध भात'. अमेरिकन पौरुष टिकणार की आशियाई कुली, असा तिचा सवाल.

७/ युक्तिवाद असा, की भातावर भागवणारा चिनी मजूर इतक्या कमी पैशांत जगतो की मांस-पाव खाणारा अमेरिकन कामगार त्याच्यापुढे टिकूच शकत नाही. येथे १८६७ आठवावे. कमी पैशांत समाधानी असलेला माणूस संप करीत नाही. मजुरी ठरवली मालकाने. आरोपी ठरला भात.

८/ या संघटनेचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स स्वतः लंडनमध्ये जन्मलेले, १८६३ मध्ये अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. दार आतून लावून घेण्याचा हा प्रकार होता.

९/ १९०२ मध्ये बंदी बेमुदत झाली. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये चॉप सुईचे वेड पसरत होते. पदार्थ हवा होता, तो रांधणारा नको होता. १९१५ नंतर काही चिनी उपाहारगृहमालकांना 'व्यापारी' म्हणून प्रवेश मिळू लागला. मजुरांची बंदी तशीच राहिली.

१०/ बंदी उठली १९४३ मध्ये, कारण महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होते. तरीही नवा कोटा वर्षाला अवघा १०५ जणांचा! दोनच वर्षांनी बुवेई यांग चाओ यांच्या पाककृतींच्या पुस्तकातून इंग्रजीला 'स्टर-फ्राय' हा शब्द मिळाला. देशांनुसार ठरणारे कोटे रद्द व्हायला १९६५ उजाडले.

११/ म्हणजे चॉप सुईच्या लोकप्रियतेने कायदा बदलला नाही. तो युद्धाने आणि राजकारणाने बदलला. जिभेला परके अन्न फार लवकर आपलेसे वाटते; कायद्याला परका माणूस तसा वाटत नाही. ज्या मांसाच्या नावाने चिन्यांना हाकलले, तेच आज भातावर वाढले जाते. ताट पाहून माणसाची प्रत ठरवणारा कोणी भेटला, तर त्याला एवढेच विचारावे: या माणसाची मजुरी कोणी ठरवली?