साखरेची वही

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण उन्हाळी वाळवणांबद्दल बोललो. आजचा विषय जरा गंभीर आहे. एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड महिना झाला, आता ते घरी आहेत. ‘साखर दोनशेच्या वर जाते म्हणून मी त्यांचे जेवण निम्म्यावर आणले आहे, आणखी काय काय बंद करू?’ असे त्या विचारतात. पत्र वाचून माझ्या पोटात धस्स झाले. कारण तीन वर्षांपूर्वी मीही नेमके हेच करत होते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह जुनाच. एके दिवशी पहाटे उठायला गेल्या आणि उजवा हात-पाय गळून गेला, वाचाही गेली. इस्पितळात नेल्या नेल्या डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली. मला नवलच वाटले. माणूस बोलेनासे झाले आहे आणि हे साखर काय बघत बसलेत! पुढे कळले, की रक्तातली साखर फार उतरली तर हुबेहूब अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसतात, म्हणून ती शंका आधी फेडून घ्यायची असते. सासूबाईंची साखर उतरलेली नव्हती, चांगली २८० होती.

झटका आला की शरीर हादरते आणि साखर चढते. ज्यांना मधुमेह कधीच नव्हता त्यांचीसुद्धा पहिल्या काही दिवसांत चढू शकते. ती तात्पुरती आहे की मधुमेह आधीपासून लपून होता, हे ‘एचबीएवनसी’ या तपासणीवरून समजते. तिच्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. साखर चढलेली राहिली तर मेंदूची दुखापत वाढते आणि रुग्ण सुधारायला वेळ लागतो, असे डॉक्टरांनी सांगितले. मी तेवढेच वाक्य पदराला बांधून घरी आले.

आणि मग काय विचारता! साखर, गूळ, बटाटा, भात, सगळे बंद. सकाळी वाटीभर उपमा, दुपारी अर्धी भाकरी आणि पालेभाजी, रात्री अर्धी भाकरी आणि वरण. वहीत आकडे लिहायचे. १६० आला की मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखे वाटे! सासूबाई निमूट जेवायच्या. मला वाटे, किती शहाण्यासारखे ऐकतात. त्यांना ‘अजून वाढ’ म्हणताच येत नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

तिसऱ्या महिन्यात एकादशी आली. चाळीस वर्षांचा उपास. सकाळी उपम्याची वाटी त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारली. मी म्हटले, ‘असू दे, तेवढीच साखर खाली राहील.’ मधुमेहाची गोळी मात्र नेमाने दिली आणि शाळेत गेले. आठवड्यातून तीन दिवस मी सकाळच्या शाळेत शिकवते. साडेदहाला ह्यांचा फोन आला, ‘आईला पुन्हा झटका आलाय, लगेच ये.’

शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. धावत आले तर सासूबाई घामाने निथळत होत्या, तोंड जास्तच वाकडे दिसत होते, हाक मारली की नुसते बघत होत्या. हे रिक्षा आणायला निघाले होते. तेवढ्यात आमची पाचवीतली मुलगी साखर मोजायचे यंत्र घेऊन आली. ‘आई, आधी हे बघ ना. इस्पितळात बघितलं होतं तसं.’ आकडा आला ४८.

त्यांना गिळायला येऊ लागले होते आणि त्या शुद्धीवर होत्या. पाठीला टेकू देऊन सरळ बसवले. तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ८६ झाला, नजर ओळखीची झाली. मग त्यांना थोडी भाकरी-भाजी खाऊ घातली आणि तशाच डॉक्टरांकडे नेल्या.

डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, ‘बाई, ही साखर उतरवायची शर्यत नाही.’ मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाइतके, पण शरीराची पाचव्या हिश्श्याएवढी ऊर्जा तोच वापरतो, आणि ती मुख्यतः रक्तातल्या साखरेतूनच घेतो. दुखावलेल्या मेंदूला साखर कमी पडणे हे फार चढण्याइतकेच वाईट. अमेरिकेत ११५१ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत काहींची साखर ८० ते १३० अशी कडक धरली, काहींची १८० च्या आत ठेवली. तीन महिन्यांनी पाहिले तर सुधारणा दोन्हींकडे सारखीच; साखर धोकादायक उतरण्याचे प्रकार मात्र कडक पथ्याच्या गटातच झाले. इस्पितळात डॉक्टर-नर्स डोळ्यात तेल घालून असतात तिथे ही गत, तर माझ्या स्वयंपाकघरातल्या कडकपणाची काय कथा?

त्या दिवसापासून आमची वही बदलली. तुमच्याही घरी उपयोग होईल म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेही माणसाची साखर साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी, असे सांगतात. पण वृद्ध, अशक्त माणसाला त्यात सवलत देतात. ७० च्या खाली गेली की ती उतरली असे समजायचे.

दुसरी, गोळी आणि जेवण यांची जोडी तोडू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतात. म्हणून उपास, उलट्या किंवा जेवायला नकार असला तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम घेणारे येतात तेव्हाही रुग्ण उपाशी नको.

तिसरी, निम्मे जेवण म्हणजे पथ्य नव्हे. गमावलेली ताकद परत यायला अन्न लागतेच. ज्वारीची भाकरी, मोडाच्या मुगाची उसळ, पालेभाजी, दही, मूठभर भात असे थोडे थोडे पण वेळेवर द्या. साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो हा समज खोटा. उपासाची साबुदाण्याची खिचडीही साखर झपाट्याने चढवते.

चौथी, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. पातळ पाणी-ताक पटकन श्वासनलिकेत जाते. सरळ बसवून, लहान चमच्याने, घाई न करता भरवा आणि नंतर अर्धा तास बसते ठेवा. गिळता येत नसेल तर साखर उतरल्यावर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

पाचवी, टोचण्यापूर्वी रुग्णाचे हात धुवा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच मोठा येतो. टोचायला धडधाकट हाताचे बोट घ्या. बधिर हाताला इजा झालेली समजत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. घाम, थरथर, बडबड किंवा सुस्ती, तोंड वाकडे, हात लुळा यांपैकी काही नव्याने दिसले तर एकाने साखर मोजायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. साखर उतरलेली असेल तर वरचा उपाय करा. नसेल, किंवा साखर देऊनही लक्षणे राहिली, तर नवा झटका समजा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. साखर सावरली तरी डॉक्टरांना दाखवा, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

ज्यांची वाचा गेली आहे त्यांना ‘भूक लागली’, ‘गरगरतंय’ हे सांगता येत नाही. आमच्या मुलीने पुठ्ठ्यावर चित्रे काढून दिली: ताट, पाण्याचा पेला, घामाचे थेंब. सासूबाई डाव्या हाताने बोट ठेवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवताना ताटावर दोनदा बोट ठेवले, तेव्हा मला मान वर करवेना.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच: आणखी काही बंद करू नका. या आठवड्यात वही घेऊन डॉक्टरांकडे जा, औषध आणि आहार दोन्ही नीट बसवून घ्या. आणि आज रात्री सासऱ्यांना वाढताना विचारा, ‘मामंजी, पोट भरलं का?’ बोलता येत नसले तरी विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.