सातास सहा

निजामाच्या राज्याचे स्वतःचे चलन होते, स्वतःच्या नोटा होत्या, चारमिनारचे चित्र असलेला रुपया होता, याचा उल्लेख अलीकडे मोठ्या कौतुकाने होऊ लागला आहे. जुन्या नाण्यांचे कौतुक करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्या रुपयाला सार्वभौमत्वाची खूण म्हणून मिरविणाऱ्यांनी गुलमंडीच्या पेठेतला जुना हिशेब एकदा मांडून पाहावा. तेथे व्यवहार करणाऱ्याला नुसता ‘रुपया’ म्हणून भागत नसे. हाली की कलदार, हे आधी ठरवावे लागे.

हाली शिक्का हा हैदराबाद संस्थानचा, कलदार हा इंग्रज सरकारचा. कलदार रुपया १८० ग्रेन वजनाचा आणि त्यात बाराव्या हिश्शाचीच भेसळ. हाली रुपया वजनालाही हलका आणि चांदीलाही कमी. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या तेव्हा कलदारचा भाव चांदीपासून सुटला आणि हालीचा भाव डळमळू लागला. पुढे विसाव्या शतकात तो सात हालीस सहा कलदार असा स्थिरावला. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. १९१८ मध्ये संस्थानने नोटा काढल्या आणि पुढे या चलनाच्या व्यवस्थेसाठी हैदराबाद स्टेट बँक उभी केली. भाव मात्र कलदारवरच टांगलेला राहिला; आणि कलदार कशावर टांगलेला होता? १९२७ च्या कायद्याने त्याची किंमत १८ पेन्स ठरविली गेली होती. म्हणजे निजामाचा रुपया इंग्रजी रुपयावर आणि इंग्रजी रुपया लंडनच्या पौंडावर. सार्वभौमत्व म्हणतात ते हेच असेल, तर ते दोन खुंट्यांवर लोंबकळत होते.

मराठवाड्याचा कापूस मनमाडवरून मुंबईला जाई. मनमाड इंग्रजी मुलखात. मुंबईच्या मालाचे पैसे कलदारात चुकवायचे आणि निजामाचा सारा हालीत भरायचा. मोठ्या व्यापाऱ्याला याची अडचण नव्हती. त्याच्याकडे दोन्ही नाणी असत आणि बट्टा कोणाकडून वसूल करायचा हेही त्याला कळत असे. सातास सहा हे प्रमाण काही अन्यायाचे नव्हते, चांदीच्या हिशेबाने ते जवळजवळ बरोबरच होते. अन्याय होता तो प्रमाण आणि व्यवहार यांच्यामधल्या फटीत. ज्याच्या हाती एकच नाणे आहे आणि ज्याला दुसरे तातडीने हवे आहे, त्याची गरज हाच सराफाचा नफा.

१९४७ च्या अखेरीस हे प्रकरण बाजारातून राजकारणात गेले. हिंदुस्थान सरकारशी ‘जैसे थे’ करार होऊन फारसे दिवस लोटले नव्हते, तोच निजाम सरकारने संस्थानात हिंदी चलन बेकायदा ठरविणारा वटहुकूम काढला आणि पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज रोख्यांच्या रूपाने देऊ केले. रयतेला मताचा अधिकार न देणाऱ्या राजवटीने रयतेच्या हातातले नाणे मात्र आपल्या लढाईत ओढले. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट कोसळली.

येथवरची कथा अभिमानाने सांगितली जाते आणि ती तशीच सांगावी. पण १९५० मध्ये हालीच्या शेजारी भारतीय रुपया आला, त्याची चर्चा कोणी करीत नाही. प्रमाण तेच, सातास सहा. सत्तर हाली पगार असलेल्याला साठ कलदार. कागदावर चोख हिशेब. आता एक आणा हालीला मिळणारी जिन्नस घ्या. तिची कलदारात किंमत सुमारे सव्वादहा पै. १९५० च्या नव्या नाण्यांत सर्वांत लहान नाणे एक पैशाचे, म्हणजे तीन पैंचे. तेव्हा दुकानदाराने नऊ पै घ्याव्यात की बारा? नऊ घेईल असे समजणाऱ्याने पेठेत कधी पाऊल टाकलेले नसावे. पगार सातव्या हिश्शाने उतरतो आणि आणा मात्र आणाच राहतो, म्हणजे जिन्नस सहाव्या हिश्शाने महागते. ठोक व्यापाऱ्याचा हिशेब हजारांत, त्याला पैची फिकीर नाही. शेतमजुराचा सारा संसारच आण्यांत. सावकाराच्या खतावर नुसते ‘रुपये सातशे’ लिहिलेले असतील, तर ते कोणते रुपये याचा निवाडा कोणाच्या शब्दावर होणार, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावयास नको.

हा प्रश्न मराठवाड्यापुरता नव्हता. फ्रान्सच्या आफ्रिकेतील जुन्या वसाहतींत सीएफए फ्रँक नावाची दोन चलने आहेत, एक पश्चिम आफ्रिकेचे, दुसरे मध्य आफ्रिकेचे. दोघांचा भाव एकच, आज एका युरोला ६५५.९५७ फ्रँक. तरीही एका गटाची नोट दुसऱ्या गटाच्या बाजारात चलन म्हणून चालत नाही. कागदावर बरोबरी आणि हद्दीवर पुन्हा बट्टा. जानेवारी १९९४ मध्ये डाकार येथे निर्णय झाला आणि दोन्ही फ्रँकांची किंमत एका रात्रीत निम्मी झाली. परदेशी ठेवी असणाऱ्यांची संपत्ती आपल्या देशात दुप्पट झाली. पगारदाराला बाहेरून येणारा तांदूळ आणि औषधे महाग झाली. ही चलने स्वतंत्र देशांची म्हणवीत होती, पण त्यांची किमान पासष्ट टक्के परकीय गंगाजळी तेव्हा पॅरिसच्या तिजोरीत असे.

चलनाचे एकीकरण नको होते, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. दोन नाण्यांचा बाजार सराफाचा बाजार असतो. तो मोडला हे चांगलेच झाले. पण एकीकरण करणाऱ्या सरकारला अपूर्णांकाच्या भरपाईची, लहान नाण्यांच्या पुरवठ्याची आणि खतांवरील नाणे ठरविण्याची जबाबदारी टाळता येत नाही. १९५७ मध्ये नवा पैसा आला तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे झाला आणि सव्वाच्या त्या पावाचा प्रश्न देशभर पुन्हा उभा राहिला.

हाली शिक्का काढणे १९५१ मध्ये थांबले आणि १९५९ मध्ये तो कायद्याने रद्द झाला. ज्यांच्या पेटीत चांदीचे जुने रुपये होते त्यांना ते सराफ्यात वजनावर मोडता आले. ज्यांच्याजवळ नोटा राहून गेल्या होत्या, त्यांच्या हाती नुसता कागद राहिला.