कुबट वास भट्टीवर जात नाही

फेब्रुवारीअखेर गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूचे बोंडू पिवळे-तांबडे दिसू लागतात आणि परवानाधारक भट्टीवाल्यांच्या घरी माळ्यावरून, पडवीतून, गोठ्याच्या कोपऱ्यातून मागील हंगामाचे सामान बाहेर काढले जाते. रस आंबविण्याची मडकी व पिंपे, तांब्याचे भाण, गाळण्याची फडकी, रबरी नळ्या व साठवणीची भांडी, असे हे सामान मे महिन्यापासून पडून असते. मधल्या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला असतो. झाकण उघडताच नाकाला जो दमट, बुरसट वास झोंबतो, तो या मधल्या महिन्यांचा जमाखर्च होय.

त्या वेळी घरातील जाणता माणूस जो निर्णय घेतो, त्यावर पुढील तीन महिन्यांच्या श्रमांचे मोल अवलंबून असते. 'पाण्याने विसळून घ्या; उरलासुरला वास भट्टीवर जाईल,' असाच निर्णय बहुधा होतो. हा समज पिढीजात असला तरी खरा नाही. तो गावोगाव खोडून काढणे हे ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांचे काम आहे. आणि ते काम आज ज्या रीतीने व ज्या वेळी केले जाते, त्यात बदल होणे अगत्याचे आहे.

वासाचे मूळ

भांड्यास येणारे सर्वच वास एका जातीचे नसतात. आंबट, शिरक्यासारखा वास आला तर भांड्यात राहिलेल्या रसात आम्ल तयार करणारे जंतू वाढले, असे समजावे. कुबट वास मात्र बुरशीचा असतो. बुरशीस वाढण्यास तीन गोष्टी पुरतात: ओल, कोंडलेली हवा आणि थोडेसे खाद्य. धुताना राहून गेलेला बोंडवाचा चोथा किंवा रसाचा पातळ बुळबुळीत थर एवढे खाद्य तिला पावसाळाभर पुरते. म्हणजे ज्या भांड्यात रस राहिला, जे ओले असतानाच झाकले आणि जे जमिनीवर टेकवून ठेवले, ते कुबट होणारच. यात दैवाचा वा हवामानाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच पावसात शेजारच्या घरचे कोरडे, उघडे ठेवलेले भांडे निर्मळ राहिलेले असते.

आता भट्टीवर हा वास का जात नाही, ते पाहू. उकळल्याने बुरशी मरते हे खरे. परंतु बुरशी मरणे आणि तिचा वास जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पावसात मातीला येणारा सुगंध ज्या द्रव्यामुळे येतो, ते द्रव्य मातीतील सूक्ष्म जीव व काही बुरशी तयार करतात. मातीत तो वास मन प्रसन्न करतो, पेयात तोच दोष ठरतो. अशी वासाची द्रव्ये वाफेबरोबर वर चढतात आणि वाफ थंड होताच तिच्याबरोबर खाली उतरतात. भट्टीचे कामच मुळी रसातील उडून जाणारी द्रव्ये वेचून एकत्र करण्याचे आहे. त्यामुळे मडक्यातील वास हुर्राकात येतो आणि हुर्राकातून फेणीत येतो. मनुष्याचे नाक अशा काही द्रव्यांचा अब्जांशाहूनही लहान भाग ओळखू शकते. म्हणून एका कुबट पिंपाचा रस दहा चांगल्या पिंपांच्या रसात मिसळला, तर दोष विरून जाण्याऐवजी दहा पिंपांवर पसरण्याचाच संभव अधिक.

'फेणीला वास असायचाच,' असाही एक बचाव ऐकू येतो. फेणीला वास असतो आणि असावाही. पण तो पिकलेल्या काजूच्या बोंडवाचा. बोंडवाचा उग्र, फळाचा गंध निराळा आणि कोंदट कोठीचा वास निराळा. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला राज्याच्या वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. नावाला मान मिळाला की गिऱ्हाईक त्या नावाची पारख करू लागते. बुरशीचा वास फेणीच्या खात्यावर घालणे म्हणजे स्वतःचा हलगर्जीपणा सबंध प्रदेशाच्या माथी मारणे होय.

ब्लीचिंग पावडरचा अतिरेक

या बाबतीत दोष केवळ भट्टीवाल्यांचा नाही. विहिरीच्या शुद्धीकरणासाठी ब्लीचिंग पावडर उपयोगी पडते, म्हणून ती प्रत्येक रोगावरील औषध मानण्याची सवय सल्ला देणाऱ्यांनाही जडली आहे. लाकडी पिंपास, बुचास, दोरीस किंवा फडक्यास ब्लीचिंग पावडर लावणे हा उपाय नसून अपाय आहे. लाकडातील काही द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होतो आणि त्या संयुगापासून बुरशी असे द्रव्य बनविते की, ज्याचा कुबट वास मूळ वासाहूनही चिवट असतो. युरोपातील द्राक्षमद्याच्या बाटल्यांचे बूच याच कारणाने नासत असल्याचे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. तेव्हापासून तेथील जाणते मद्योत्पादक लाकडाजवळ क्लोरीन येऊ देत नाहीत. जी चूक इतरांनी नुकसान सोसून सुधारली, ती येथे सरकारी सल्ल्याने चालू राहावी, हे योग्य नव्हे.

तांब्यासही ब्लीचिंग पावडर मानवत नाही. काच, स्टेनलेस स्टील व प्लॅस्टिक यांवर ती वापरावयाची झाल्यास आधी भांडे घासून स्वच्छ करावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. शिरका, चिंच वा अन्य आंबट पदार्थाबरोबर ती कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

काय राखावे, काय टाकावे

भांड्यांची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक भांड्यात थोडे स्वच्छ कोमट पाणी घालून, तोंड झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी त्या पाण्याचा वास घ्यावा आणि शेजारी काचेच्या पेल्यात ठेवलेल्या त्याच विहिरीच्या पाण्याशी तो ताडून पाहावा. परीक्षा घरातील दोघांनी करावी. रोज त्याच कोठीत वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास सवयीने जाणवेनासा होतो.

तांब्याचे भाण, काच व स्टेनलेस स्टील यांत वास मुरत नाही, वरच्या थरात राहतो. ही भांडी निश्चितपणे शुद्ध होतात. एक बादली कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून त्याने थर घासून काढावा. तांब्यावरील हिरवा कळंक चिंचेने काढावा, भांडे नीट धुवावे आणि पहिल्या दिवशी भट्टीवर केवळ पाणी उकळून ते पाणी फेकून द्यावे. सोड्याचे कढत पाणी हाताला लागू देऊ नये व ॲल्युमिनियमच्या भांड्यात ते घालू नये.

मातीची मडकी व लाकडी पिंपे यांची गोष्ट निराळी. ती सच्छिद्र असल्याने वास आत मुरतो. गरम पाणी वारंवार बदलून त्यांत भरून ठेवावे आणि नंतर सलग काही दिवस कडक उन्हात वाळवावे. मडक्यास एकदम कढत पाणी घातल्यास ते तडकते, म्हणून उष्णता बेताने वाढवावी. असे दोन वेळा करूनही परीक्षेचे पाणी कुबट येत असेल, तर त्या भांड्यात पुन्हा रस घालू नये.

प्लॅस्टिकची पिंपे हलकी व स्वस्त असल्याने सर्वत्र आली आहेत. परंतु प्लॅस्टिकही वास शोषून घेते आणि त्यावरील ओरखड्यांत थर दडून राहतो. ती तारेच्या घासणीने घासू नयेत, मऊ फडक्याने धुवावीत. ज्या पिंपात पूर्वी औषधे किंवा रसायने होती, ते कितीही धुतले तरी खाण्यापिण्याच्या कामास घेऊ नये. रबरी नळ्या, बुचे व गाळण्याची फडकी कुबट झाली असल्यास त्यांच्यावर वेळ खर्च न करता ती नवी घ्यावीत.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. लहान भट्टीवाल्याने भांडे टाकून द्यावे असे सांगणे सोपे. नव्याचे पैसे त्यानेच भरावयाचे असतात. ही अडचण खोटी नाही. तथापि हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावयास हवा. एका पिंपातील रसामागे बोंडू वेचणाऱ्यांचे श्रम असतात, तुडविण्याची व पिळण्याची मेहनत असते, जळण असते आणि भट्टीवर काढलेल्या रात्री असतात. ते सर्व एका नासक्या पिंपाच्या स्वाधीन करणे हाच खरा महाग व्यवहार होय. शिवाय टाकलेले पिंप वाया जाते असे नाही. रसायनांचे नसल्यास ते बागेच्या पाण्यास उपयोगी पडते.

कामाची खरी वेळ

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. प्रात्यक्षिके फेब्रुवारीत ठेवली जातात, तेव्हा बुरशी येऊन गेलेली असते आणि सल्लागाराच्या हाती केवळ टाकाटाकी उरते. ग्रामसेवकाने भट्टीवर जावयाचे ते मे महिन्यात, शेवटचे भाण उतरते त्या दिवशी. त्याच दिवशी भांडी धुतली जावीत, कारण ओला थर सहज निघतो आणि वाळलेला थर निघता निघत नाही. त्यानंतर पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या उन्हात ती आतून ठणठणीत वाळवावीत. झाकणे वेगळी ठेवावीत. भांडी जमिनीपासून उंच फळ्यांवर, खालून वारा खेळेल अशा बेताने पालथी घालावीत. चुलीवरच्या माळ्यावर भांडी ठेवण्याची जुनी रीत मोठ्या शहाणपणाची होती. तेथे ऊब असे आणि ओल टिकत नसे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा ती खाली काढून पाहावीत. चतुर्थीसाठी घर झाडतातच. त्याच दिवशी भट्टीच्या सामानावरही हात फिरवावा.

याला मोठा पैसा लागत नाही. चार फळ्या, थोडा सोडा आणि मे महिन्यातील एक दिवस एवढेच लागते. हंगामाच्या शेवटी थकलेल्या माणसास हा एक दिवस जड वाटतो, हे खरे. म्हणूनच त्या दिवशी त्याच्याजवळ उभे राहणारा कार्यकर्ता हवा. भांडे मे महिन्यात कोरडे झाले, तर फेब्रुवारीत त्याचा वास काढण्याचा प्रसंगच येणार नाही.